यकृतकृमीची शिदोरी

जनावर दाणावैरण पोटभर खातें, पण अंगीं लागत नाहीं. कातडी खरखरीत होते, बरगड्या दिसूं लागतात, जबड्याखालीं पाण्याची सूज लोंबूं लागते, दूध आटतें आणि ऐन कामाच्या दिवसांत बैल जोताला उभा राहत नाहीं, ही तक्रार तळ्याकांठच्या व भातपट्टींतल्या गांवांतून दरसाल ऐकूं येते. या रोगाचें मूळ पुष्कळ वेळां जनावराच्या काळजांत, म्हणजे यकृतांत, घर करून राहिलेला पानाच्या आकाराचा चपटा कृमि असतो, हें आतां बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. तो मारण्याचीं औषधें बाजारांत मिळतात आणि समंजस शेतकरी तीं पाजतातही. तरी पुढच्या वर्षीं तेंच जनावर, तीच सूज आणि तोच खर्च! असें कां व्हावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों. आपण या शत्रूशीं लढतों तें तो किल्ल्यांत शिरून बसल्यावर. वास्तविक तो उघड्या मैदानावर असतो तेव्हां त्याच्याजवळची शिदोरी फार थोडी असते आणि ती वाटेंत कोठेंही पुन्हां भरून घेण्याची सोय त्याला नसते. लढावयाचें तें तेथें.

इतक्या सूक्ष्म प्राण्याच्या अंगांत चरबी किती आणि साखर किती याची उठाठेव विद्वानांनीं करावी. आम्हां नांगरधाऱ्यांस तिचें काय, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर इतिहासानेंच दिलेलें आहे. १८७९ सालीं इंग्लंडांत अतोनात पाऊस झाला, आणि त्या सालीं व पुढच्या सालीं मेंढ्यांच्या कळपांत या रोगानें असा कहर केला कीं सुमारें तीस लाख मेंढ्या मेल्या. कृमि तर लोक शेंकडों वर्षें पाहत आले होते. फ्रान्स देशांत १३७९ सालीं झां द ब्री यानें मेंढपाळीवर जो ग्रंथ रचला त्यांतही त्याचा उल्लेख आहे. पण हा कृमि काळजांत येतो कोठून, हें पांचशें वर्षांनंतरही कोणास निश्चित सांगतां येत नव्हतें. पाहणें निराळें आणि जाणणें निराळें. तेव्हां इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीनें, म्हणजे शेतीच्या हितासाठीं स्थापन झालेल्या एका सभेनें, ऑक्सफर्ड येथील ए. पी. टॉमस या तरुण प्राणिशास्त्रज्ञास द्रव्यसाहाय्य देऊन या शोधाला लावलें.

टॉमस औषधें शोधीत बसले नाहींत. ते गोगलगाई वेंचीत हिंडले. प्रथम त्यांना हवी ती जात पुरेशी मिळेना. पुढें १८८२ सालच्या पुरानें ती कुरणांवर आणून टाकली, आणि कृमीचीं पिलें तिच्याच अंगांत वाढतात हें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. जर्मनींत लाइपझिग येथें रुडॉल्फ लॉयकार्ट हेही त्याच काळांत स्वतंत्रपणें त्याच निर्णयास पोहोंचले. १८८३ सालापर्यंत या कृमीचें सगळें जीवनचरित्र उजेडांत आलें. मेंढीच्या रोगाचा उलगडा मेंढींत नव्हे, तर दलदलींतल्या एका क्षुद्र गोगलगाईंत सांपडला. शेतकऱ्यांच्या सभेनें गोगलगाईवर खर्च करावा याबद्दल त्या वेळीं हसणारे लोक असतील तर ते पुढें खचित हसले नसतील.

आतां आपल्याकडे पाहूं. थंड देशांत मेंढ्यांस छळणारा कृमि आणि आपल्या गाईम्हशींस छळणारा कृमि हे सख्खे भाऊ आहेत. आपला भाऊ मात्र आकारानें मोठा. थंड देशांतला बहुधा इंच-सव्वा इंच लांबीचा, तर आपल्याकडील दोन-अडीच इंचांपर्यंत वाढतो. तो जनावराच्या पित्तनलिकांत राहतो व तेथें अंडीं घालतो. अंडीं पित्ताबरोबर आंतड्यांत, आंतड्यांतून शेणांत आणि शेणांतून, पाऊस पडला कीं, ओढ्यांत व तळ्यांत जातात. पाणी, हवा आणि ऊब मिळाली म्हणजे दोन-तीन आठवड्यांत अंडें फुटून आंतून केसाळ अंगाचा एक डिंभ बाहेर पडतो. त्याला खातां येत नाहीं. एका दिवसाच्या आंतबाहेर त्याला योग्य जातीची गोगलगाय गांठावी लागते. न गांठली तर तो मरतो. गांठली म्हणजे तिच्या अंगांत शिरून तो रूप पालटतो, एकाचे अनेक होतात, आणि कांहीं आठवड्यांनीं त्या एकाच पाहुण्यापासून शेंपटी असलेले शेंकडों डिंभ पाण्यांत उतरतात. हे नवे डिंभही कांहीं खात नाहींत. थोडा वेळ पोहून ते पाण्यालगतच्या गवतावर किंवा भाताच्या धाटावर चिकटतात, शेंपटी टाकतात आणि स्वतःभोंवतीं कठीण कोष विणून निजून राहतात. तें गवत जनावरानें खाल्लें कीं कोष आंतड्यांत उघडतो, पिलूं आंतड्याची भिंत फोडून पोटाच्या पोकळींत येतें, तेथून यकृतांत घुसतें, कित्येक आठवडे यकृताचें मांस पोखरीत फिरतें आणि अखेर पित्तनलिकेंत बैठक मारतें. गवत खाल्ल्यापासून शेणांत अंडीं दिसूं लागेपर्यंत आपल्याकडील जातीस सुमारें तीन ते चार महिने लागतात. जनावर भाद्रपदांत अगर कार्तिकांत बाधलें तरी दुखणें माघ-फाल्गुनांत दिसतें, तें यामुळेंच. आणि मग दोष त्या वेळच्या वैरणीला दिला जातो.

या प्रवासांत एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत धरावी. अंड्यापासून गोगलगाईपर्यंत आणि गोगलगाईपासून जनावराच्या पोटापर्यंत, असे दोन टप्पे हा कृमि अन्नावांचून काटतो. जें कांहीं बरोबर बांधून घेतलें असेल तेवढ्यावर त्याला निभाव लावावा लागतो. म्हणूनच ही शिदोरी कसली आहे व किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा.

सजीवांच्या अंगीं शक्तीचा सांठा मुख्यतः दोन रूपांनीं असतो. एक चरबी किंवा मेद, आणि दुसरा ग्लायकोजन, ज्याला प्राण्यांच्या अंगचें पिष्ट म्हणतां येईल. वजनास वजन धरलें तर मेदांत शक्ति दुपटीहून अधिक असते. म्हणून दूरच्या प्रवासाला निघणारे पक्षी मेद सांठवून निघतात. तेव्हां अन्नावांचून प्रवास करणाऱ्या या डिंभाचीही शिदोरी मेदाचीच असेल, अशी कल्पना साहजिक होती. सूक्ष्मदर्शकाखालीं डिंभाला मेद रंगविणारा तांबडा रंग दिला असतां कित्येक जातींच्या अंगांत मेदाचे थेंब स्पष्ट दिसतात, त्यामुळें ती कल्पना दृढही झाली. रशियांत लेनिनग्राड येथील विदुषी गिनेत्सिन्स्काया यांनीं चपट्या कृमींच्या डिंभांतील ग्लायकोजन व मेद यांचा विस्तृत अभ्यास केला आणि १९६८ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील लाफायेट कॉलेजांत बर्नार्ड फ्रीड व त्यांचे शिष्य यांनीं कित्येक वर्षें हे डिंभ व त्यांच्या गोगलगाई यांतील मेदांचे प्रकार वेगवेगळे करून पाहिले. निरनिराळ्या जातींत मेदाचें प्रमाण निरनिराळें असतें. कांहींत तो पुष्कळ, तर कांहींत नाममात्र.

परंतु मेद आहे म्हणून तो जाळतां येतोच असें नाहीं. या कृमींच्या संसाराचा हा मोठा चमत्कार आहे. १९७० सालीं मेयर, मेयर व ब्यूडिंग या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोम नांवाचा चपटा कृमि आपल्या अंगचीं लांब मेदाम्लें व कोलेस्टेरॉलसारखीं द्रव्यें मुळापासून स्वतः बनवूं शकत नाहीं. तीं त्याला यजमानाकडून आयतीं घ्यावीं लागतात. विशेष हें कीं, ओढ्यांत मोकळा राहणारा त्याचा एक चुलतभाऊही या बाबतींत तसाच पंगु आढळला. पुढें २००९ सालीं शिस्टोसोमाच्या आनुवंशिक द्रव्याची सगळी वाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हां मेदाम्लें घडविण्याचा कारखानाच त्याच्याजवळ नाहीं ही गोष्ट पक्की झाली. प्रौढ यकृतकृमि आपला चरितार्थ मुख्यतः शर्करा व ग्लायकोजन यांवर चालवितो. मेद जाळावयास प्राणवायु भरपूर लागतो, आणि पित्तनलिकेंत त्याचा दुष्काळ असतो. घेतलेला मेद तो शरीराचीं पटलें बांधण्यास व अंडीं घडविण्यास वापरतो. जास्तीचा मेद उत्सर्जनाच्या नलिकांतून थेंबाथेंबानें बाहेर टाकलेला आढळतो. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणारे ते तांबडे थेंब पुष्कळ अंशीं शिदोरी नसून उकिरडा आहेत!

उघड्या पाण्यांत पोहणारे कांहीं जातींचे डिंभ, जेथें प्राणवायु विपुल असतो, मेदाचा कांहीं भाग जाळीत असावेत कीं काय, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, व ते असणें योग्यच आहे. पण डिंभाचें आयुष्य मुख्यतः ग्लायकोजनाच्या मोजक्या सांठ्यावर अवलंबून असतें, आणि पाणी जितकें उबदार तितका तो सांठा लवकर सरतो, हें अनेक जातींवरील प्रयोगांनीं दिसून आलें आहे. आमच्या मतें शेतकऱ्यानें गांठीं बांधून ठेवण्यासारखें सत्य तें हेंच. शत्रूच्या छावणींत पोतीं किती दिसतात यावरून त्याचें बळ मोजूं नये. त्यांतलें धान्य किती आणि भुसा किती हें पाहावें.

मेदाचा दुसरा उपयोग वाटाड्याचा. शिस्टोसोमाचे डिंभ कातडी भेदून शरीरांत शिरतात. माणसास बाधणाऱ्या जातीवर जे प्रयोग झाले त्यांत असें आढळलें कीं, त्वचेवरील मेदाम्लांचा, विशेषतः लिनोलेइक नांवाच्या अम्लाचा, स्पर्श होतांच हा डिंभ पोहणें सोडून भेदूं लागतो. जो मेद त्याला घडवितां येत नाहीं त्याच्याच खुणेनें तो यजमान ओळखतो. गुरांच्या नाकांत गांठी होऊन जनावर घोरूं लागतें तो रोग याच कुळांतल्या एका कृमीचा, मद्रासेकडे एम. ए. एन. राव यांनीं १९३३ सालीं त्याचें वर्णन केलें. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं माणसांत या कुळाचा रोग आढळल्याचें गाडगीळ व शहा यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां हा विषय परदेशाचा नव्हे. आपल्या पाणवठ्याचा आहे.

आतां यांतून व्यवहार काय निघतो तें पाहूं.

पहिली गोष्ट गोगलगाईची. डिंभाची शिदोरी भरली जाते ती गोगलगाईच्या पाचकग्रंथींत. कृमीचीं पिलें तीच ग्रंथि खातात, तिच्यांतील मेद व ग्लायकोजन लुटतात आणि गोगलगाईला बहुधा वांझ करून सोडतात. गोगलगाय जितकी धष्टपुष्ट तितके डिंभ अधिक. उपाशी गोगलगाईंतून ते कमी निघतात. आतां उकिरड्याचें पाणी आणि गोठ्याचें धुवण तळ्यांत सोडलें म्हणजे काय होतें? शेवाळ माजतें, शेवाळावर गोगलगाई पोसतात, आणि त्याच पाण्याबरोबर कृमीचीं अंडींही त्यांच्या दारीं पोहोंचतात. शेण शेतांत गेलें असतें तर सोनें झालें असतें. तें तळ्यांत घालून आपण शत्रूची शिदोरी स्वतःच्या हातानें बांधून देतों. शेणखत खड्ड्यांत घालून नीट कुजविलें तर त्याच्या उष्णतेनें अंडीं मरतात. एकच काम, त्यांत खताचाही लाभ आणि रोगाचाही बंदोबस्त!

दुसरी गोष्ट गवताची व पेंढ्याची. कोष ओलाव्यांत व सावलींत कित्येक महिने जिवंत राहूं शकतो. पण कोरडेपणा व कडक ऊन त्याला सोसत नाहीं. आंतल्या पिलाजवळ कोषांत शिरतांना होती तेवढीच पुंजी असते; ऊब वाढली कीं ती भराभर खर्च होते, आणि ओल गेली कीं तें सुकून मरतें. म्हणून तळ्याच्या उतरत्या कांठावरचें कोंवळें गवत हें सर्वांत घातक, आणि तेंच हिंवाळ्या-उन्हाळ्यांत जनावरांस सर्वांत आवडतें, कारण इतरत्र हिरवें कांहीं उरलेलें नसतें. असें गवत उभें चारूं नये. कापणें भागच असेल तर पाण्याबाहेरील शेंडे कापावे आणि उन्हांत तीन-चार दिवस चांगले वाळवून मग घालावे. भाताच्या पेंढ्याबद्दलही हाच न्याय. इंडोनेशियांत पश्चिम जावा प्रांतीं सुहार्दोनो, कोपमन आदि संशोधकांनीं पाहिलें तेव्हां धाटाच्या पाण्यांत बुडणाऱ्या खालच्या भागावरच बहुतेक कोष आढळले. वरचा भाग जवळजवळ निर्धोक होता. तेव्हां ओल्या बांधींतला, बुडापासून कापलेला ताजा पेंढा त्याच दिवशीं दावणींत टाकण्याची घाई करूं नये. कोंकणांतला पेंढा काय आणि भंडारा-गोंदियाकडील तणस काय, नव्याचें ऊन खाऊन झालें पाहिजे. तोंवर जुनी गंज संपवावी. या नियमाला पैसा लागत नाहीं. थोडी शिस्त लागते.

तिसरी गोष्ट पाणी पाजण्याची. जनावर तळ्यांत उतरून पाणी पितें तेव्हां तें तीन कामें एकदम करतें: कांठचें गवत खातें, पाण्यांत शेण टाकतें आणि खुरांनीं चिखल तुडवून गोगलगाईला डबकीं करून देतें. तळ्यापासून दूर, मुरमाड उंचवट्यावर एक पक्का हौद बांधून त्यांत विहिरीचें पाणी सोडलें आणि तळ्याच्या कांठाला कुंपण घातलें, तर हीं तिन्ही कामें एका दमांत बंद पडतात.

येथें कोणी विचारील कीं, मग औषधें व्यर्थ आहेत काय? मुळींच नाहीं. बाधलेल्या जनावराला औषध दिलेंच पाहिजे, आणि तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वजनाच्या मानानें दिलें पाहिजे. पूर्वीं कार्बन टेट्राक्लोराइड पाजीत असत. तें कृमीबरोबर यकृतालाही बाधे. आतांचीं औषधें पुष्कळ सौम्य आहेत. परंतु त्यांचे गुण सारखे नाहींत. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ कृमि मारतें. यकृत पोखरीत फिरणाऱ्या पिलांवर त्याचा जोर थोडा. १९८३ पासून प्रचारांत आलेलें ट्रायक्लाबेंडाझोल पिलांवरही चालतें, म्हणून त्याचा फार गवगवा झाला. पण तें वारंवार वापरल्यानें त्याला न जुमानणारे कृमि १९९० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत आढळले आणि पुढें इतर देशांतही. ज्या औषधावर सगळी भिस्त ठेवावी तेंच बोथट होत जातें, हा या रोगाचा नव्हे तर आपल्या आळसाचा परिणाम आहे. तळें उघडें ठेवून दर वर्षीं औषध पाजणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय. औषधाचा खरा काळ साधावयाचा तर पावसाळ्यापूर्वीं एकदां, म्हणजे पहिल्या पुराबरोबर अंडीं तळ्यांत जाणार नाहींत. आणि दुसऱ्यांदा हिंवाळ्यांत केव्हां, तें शेण तपासून पशुवैद्यानें ठरवावें. शेण न तपासतां सगळ्या गोठ्याला सरसकट औषध पाजण्याच्या चालीस आमचा विरोध आहे.

तसाच विरोध तळ्यांत विष कालविण्यास आहे. मोरचूद टाकल्यानें गोगलगाई मरतात हें खरें, पण मासेही मरतात. विदर्भांतील माजी मालगुजारी तळ्यांवर शेतीचें ओलीत जसें अवलंबून आहे तशीच ढीमर-भोई कुटुंबांची उपजीविकाही अवलंबून आहे. आपलीं गुरें वांचविण्यासाठीं दुसऱ्याचें ताट उपडें करणें न्यायाचें नाहीं, आणि शहाणपणाचेंही नाहीं. कारण मेलेल्या गोगलगाईंची जागा पुढच्या पावसाळ्यांत नव्या गोगलगाई घेतात. याउलट जावांतील लोकांनीं जो उपाय करून पाहिला तो विचार करण्यासारखा आहे. बदकांच्या आंतड्यांत दुसऱ्या एका जातीचा चपटा कृमि असतो. त्याचीं पिलेंही त्याच गोगलगाईंत वाढतात, पण त्यांना बळकट तोंड असतें आणि तीं यकृतकृमीच्या पिलांना गिळून टाकतात. गोठ्याचें धुवण जेथें बांधींत पडतें तेथेंच बदकांचें खुराडें ठेवल्यानें रोग उतरल्याचें तेथें दिसून आलें. कांट्यानें कांटा काढण्याचा हा प्रकार आपल्याकडे जसाच्या तसा लागूं पडेल असें समजून कोणीं बदकें विकत घेण्यास धांवूं नये. पण आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनीं तो आपल्या तळ्यांवर अजमावून पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

या ठिकाणीं एका आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे, कारण तो खरा आहे. "मी एकट्यानें हौद बांधला, गवत वाळविलें, शेण खड्ड्यांत घातलें, पण शेजाऱ्याचीं गुरें तळ्यांत उतरतच असतील तर माझा काय उपयोग?" उपयोग आहे, कारण आपलें जनावर कांठचें गवत खाणार नाहीं. पण अर्धाच आहे. अंडीं तळ्यांत पडतच राहतील आणि आपल्या बांधींतही तेंच पाणी येईल. आणि तो शेजारी कोण असतो? पुष्कळ वेळां एकच म्हैस बाळगणारा, स्वतःची जमीन किंवा विहीर नसलेला मनुष्य. त्याला तळ्याचा कांठ सोडून चारा नाहीं आणि तळ्यावांचून पाणी नाहीं. त्याला गलिच्छ म्हणून नांवें ठेवणें सोपें आहे. जमीन, विहीर व गंज ज्यांच्याजवळ आहे अशा आपणां खातेदारांवरच या कामाचा भार प्रथम येतो, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. हौद बांधावयाचा तर तो साऱ्या गांवाच्या गुरांना मोकळा असला पाहिजे. औषध आणावयाचें तर त्या एका म्हशीचेंही आणलें पाहिजे. कृमि सातबारा पाहून शिरत नाहीं. ज्या गांवीं दहा मोठे गोठे स्वच्छ आणि शेवटची एक म्हैस बाधलेली, त्या गांवचें तळें बाधलेलेंच समजावें.

म्हणून सभासदांस आमचें सांगणें असें. प्रत्येक गांवीं खातेदारांनीं एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्या. तळ्यापासून दूर सार्वजनिक हौद बांधावा आणि तळ्याच्या ज्या कांठीं गुरें उतरतात तेथें कुंपण घालावें. उकिरड्याचें व गोठ्याचें पाणी तळ्यांत जाणार नाहीं अशी चर खणावी. कांठचें गवत व ओला पेंढा वाळविल्यावांचून चारूं नये, हें गुराख्याला समजावून द्यावें आणि त्या बदल्यांत त्याला पर्यायी चराईची जागा दाखवावी; नुसता हुकूम सोडून भागत नाहीं. आणि पावसाळ्यापूर्वीं साऱ्या गांवच्या गुरांचें शेण तपासून, जीं बाधलेलीं असतील त्यांना एकाच आठवड्यांत औषध पाजावें. औषधावर आज जो खर्च एकेकटे करितात त्यांतून हौदाचा खर्च दोन-चार वर्षांत निघावा असा आमचा अदमास आहे. पण न निघाला तरी तो करण्याजोगाच आहे.

आणखी एक मागणी शास्त्राच्या बाजूनें. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालूं आहे. पुढें भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून नांवारूपास आलेल्या प्रयोगशाळेचा आरंभ १८८९ सालीं पुण्यासच झाला. नागपुरास पशु व मत्स्य विज्ञानाचें विद्यापीठ २००० सालीं स्थापन झालें. या संस्थांच्या तरुण अभ्यासकांनीं गोगलगाईच्या पोटांतील डिंभाचा मेद मोजण्याची परवानगी मागितली, तर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनीं कपाळाला आठ्या घालूं नयेत. विदर्भाच्या वैशाखांत कोष किती दिवस तग धरतो, कोंकणच्या श्रावणांत किती, आणि त्याच्याजवळची पुंजी कोणत्या दिवशीं संपते, हे आंकडे आपल्याच तळ्यावर, आपल्याच हवेंत काढले पाहिजेत. ते हातीं आले म्हणजे पेंढा किती दिवस वाळवावा आणि कुरण किती दिवस बंद ठेवावें हें अंदाजानें नव्हे तर पंचांगासारखें निश्चित सांगतां येईल. इंग्लंडच्या शेतकीसभेनें गोगलगाई वेंचणाऱ्या एका तरुणावर जो खर्च केला त्याचें फळ आज सारें जग खात आहे.

शत्रु लहान आहे, त्याची शिदोरी तुटपुंजी आहे आणि ती भरून देणारे हात बव्हंशीं आपलेच आहेत. ते आंखडते घेतले तर उरलेलें काम ऊन, कोरडेपणा आणि काळ हे तिघे मिळून करितील. येत्या मृगापूर्वीं निदान एका गांवीं तरी हौद पाण्यानें भरावा आणि तळ्याचा कांठ गुरांवांचून राहावा, एवढी अपेक्षा आम्ही आपल्या वाचकांपासून करितों.